आणीबाणी ब्रेक साहाय्यक

आणीबाणी ब्रेक साहाय्यक : चालकाने एकाएकी ब्रेकचे पेडल दाबले असता त्यामागील आणीबाणी ओळखून ब्रेकमधील दाब शक्य तितक्या लवकर कमाल मर्यादेपर्यंत नेणारी आणि गाडी थांबेपर्यंत अथवा चालक पाय उचलेपर्यंत तो टिकवून ठेवणारी मोटारगाडीतील यंत्रणा. ही यंत्रणा म्हणजे स्वतंत्र ब्रेक नव्हे. चालकाच्या पायाचे बल वाढविणारा जो ‘वर्धक’ बहुतेक मोटारगाड्यांत असतो, त्याचीच ती पुढची पायरी होय. वर्धक चालकाच्या बलाला साहाय्य करतो, तर आणीबाणी साहाय्यक त्याच्या हेतूला साहाय्य करतो, असा या दोहोंतील भेद थोडक्यात सांगता येईल.

गरज : ताशी ८० किमी. वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे २२ मी. अंतर कापते. अडथळा दिसणे, त्याचा अर्थ ध्यानी येणे आणि पाय पेडलवर जाणे यांसाठी सामान्यतः एक सेकंद लागतो असे धरल्यास, ब्रेक लागण्यापूर्वीच एवढे अंतर खर्ची पडते. त्यानंतरचे अंतर मंदनावर, म्हणजे वेग कमी होण्याच्या त्वरेवर, अवलंबून असते. कोरड्या डांबरी रस्त्यावर चांगल्या स्थितीतील मोटारीचा वेग दर सेकंदाला सुमारे ८ मी./से. या प्रमाणात कमी करता येतो. या मंदनाने वरील गाडी आणखी सुमारे ३१ मी. जाऊन थांबेल. मात्र चालकाने पेडल अपुऱ्या जोराने दाबल्यामुळे मंदन ५ मी./से. एवढेच झाले, तर तिला सुमारे ४९ मी. लागतील. हा फरक केवळ १८ मीटरांचा आहे असे समजणे फसवे ठरते. पहिली गाडी जेथे पूर्णपणे थांबलेली असते, त्याच ठिकाणी दुसरीचा वेग अद्याप ताशी सुमारे ४९ किमी. असतो आणि तिची एक-तृतीयांशाहून अधिक गतिज ऊर्जा शिल्लक असते. त्या ठिकाणी रस्ता ओलांडणारा पादचारी अथवा दिवा नसलेली उसाची ट्रॉली असेल, तर एका प्रसंगी केवळ भीती वाटून जाते व दुसऱ्या प्रसंगी प्राणहानी होते.

असे प्रसंग ब्रेक निकामी असल्यामुळेच घडतात असे नाही. जर्मनीतील डाइमलर-बेंझ या कंपनीने बर्लिन येथील अनुकारी यंत्रावर, म्हणजे रस्त्याचा हुबेहूब आभास निर्माण करणाऱ्या दालनात, सामान्य चालकांच्या वर्तनाचा अभ्यास केला. त्यात असे आढळले की, बहुसंख्य चालक संकटसमयी पेडल त्वरेने दाबतात, परंतु पुरेशा जोराने दाबत नाहीत. कित्येक जण आरंभी जोर लावतात आणि लगेच पाय किंचित सैल करतात. एरवीच्या वाहन चालविण्यात हलका ब्रेक लावण्याचीच सवय पायास जडलेली असते व ती संकटातही सुटत नाही. गाडी घसरेल ही भीतीही त्यास कारण होते. ब्रेकमध्ये शक्ती असूनही ती वापरली जात नाही, ही उणीव भरून काढणे हे आणीबाणी साहाय्यकाचे प्रयोजन होय.

रेल्वेतील पूर्वपीठिका : मानवी बळाने न थांबणारे वाहन थांबविण्याचा प्रश्न प्रथम रेल्वेपुढे उभा राहिला. आरंभी एंजिनावर व गार्डाच्या डब्यात हाताने फिरवावयाचे ब्रेक असत. १८६९ मध्ये अमेरिकन अभियंता जॉर्ज वेस्टिंगहाउस यांनी संपीडित हवेवर चालणारा ब्रेक प्रचारात आणला व १८७२ मध्ये त्याला स्वयंचलित रूप दिले. ‘स्वयंचलित’ याचा अर्थ असा की, गाडी मधेच तुटली किंवा नळ फुटला, तर ब्रेक सुटण्याऐवजी आपोआप लागतो. हा गुणधर्म किती मोलाचा आहे हे १२ जून १८८९ रोजी आयर्लंडमधील आर्मा येथे झालेल्या अपघाताने दाखवून दिले. तेथील सहलीच्या गाडीला साधा, स्वयंचलित नसलेला निर्वात ब्रेक होता. चढावर गाडीचे दोन भाग केल्यावर मागील डब्यांवरील ब्रेकचा ताबा सुटला व ते उतारावरून मागे घसरून येणाऱ्या गाडीवर आदळले. सुमारे ८० प्रवासी मृत्युमुखी पडले. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये प्रवासी गाड्यांना सलग व स्वयंचलित ब्रेक कायद्याने सक्तीचे झाले.

भारतीय रेल्वेत दीर्घकाळ स्वयंचलित निर्वात ब्रेक प्रचारात होता. मराठवाड्यातील परभणी जिल्ह्यात असलेले पूर्णा हे त्याचे परिचित उदाहरण म्हणून घेता येईल. निजामाच्या राजवटीत मनमाड–हैदराबाद हा मीटरमापी लोहमार्ग झाला. पुढे हिंगोलीवरून अकोल्याकडे जाणारा मार्ग पूर्णा येथे त्यास मिळाला आणि हे गाव प्रस्थानक बनले. येथून सुटणाऱ्या वाफेच्या एंजिनावर उत्सर्जक नावाचे साधन असे. वाफेच्या झोताने ते सबंध गाडीखालून जाणाऱ्या नळातील हवा ओढून घेई व नळात पाऱ्याच्या सुमारे ५० सेंमी. उंचीइतका निर्वात निर्माण करी. डिझेल एंजिनावर हेच काम निष्कासक पंप करी. प्रत्येक डब्याखाली एक उभा सिलिंडर असे. त्यातील दट्ट्याच्या वर व खाली, दोन्ही बाजूंस निर्वात असताना ब्रेक सुटलेला राही. चालकाने झडप उघडून नळात हवा घेतली, की ती दट्ट्याखाली शिरे. वरच्या कप्प्यातील निर्वात मात्र एका गोळी-झडपेमुळे टिकून राही. परिणामी वातावरणाचा दाब दट्ट्यास वर ढकली आणि तरफांच्या द्वारे ब्रेकचे ठोकळे चाकांवर आवळले जात. प्रवाशाने साखळी ओढली असताही नळात हवा शिरूनच ब्रेक लागे.

या पद्धतीत एक अडचण होती. लांब गाडीत एंजिनाजवळ शिरलेली हवा शेवटच्या डब्यापर्यंत पोहोचण्यास वेळ लागतो. त्यामुळे पुढचे डबे थांबू लागतात, तर मागचे त्यांवर रेटत राहतात. यावर उपाय म्हणून डब्याडब्यांवर प्रत्यक्ष प्रवेश झडपा बसविण्यात आल्या. नळातील निर्वात कमी होऊ लागल्याची चाहूल लागताच अशी झडप बाहेरची हवा तेथल्या तेथे सिलिंडरात घेई व ब्रेक लवकर लागे. संकेताचा आरंभ ओळखावयाचा आणि उरलेले काम जागीच उपलब्ध असलेल्या शक्तीने त्वरेने पुरे करावयाचे, हेच तत्त्व पुढे मोटारीतील आणीबाणी साहाय्यकात अवतरले. निर्वात ब्रेकला उपलब्ध होणारा दाबातील फरक दर चौ. सेंमी.स एक किग्रॅ.पेक्षाही कमी असल्याने जड व वेगवान गाड्यांसाठी तो अपुरा ठरू लागला. १९८० नंतरच्या काळात भारतीय रेल्वेने टप्प्याटप्प्याने दर चौ. सेंमी.स ५ किग्रॅ. दाबाच्या नळावर चालणारा हवेचा ब्रेक स्वीकारला. पूर्णा–अकोला मार्गाचे रुंदमापीत रूपांतर २००८ मध्ये झाले आणि या परिसरातील मीटरमापी गाड्यांचा काळ संपला.

मोटारगाडीतील वर्धक : मोटारीत आरंभी पेडलपासून चाकापर्यंत सळया व तारा असत. १९२१ च्या सुमारास चारही चाकांना द्रवीय ब्रेक असलेल्या मोटारी अमेरिकेत बाजारात आल्या. द्रवीय ब्रेकमध्ये पेडलने मुख्य सिलिंडरातील दट्ट्या ढकलला जातो व तेलाचा दाब नळ्यांवाटे प्रत्येक चाकाजवळच्या सिलिंडरास सारखाच पोहोचतो. तेथे घर्षणपट्ट्या फिरत्या ड्रमवर अथवा तबकडीवर दाबल्या जातात. गाड्यांचे वजन व वेग वाढले, तसे एकट्या पायाचे बल कमी पडू लागले. १९१९ च्या हिस्पानो-सुइझा मोटारीत गाडीच्याच गतीचा उपयोग करून ब्रेकचे बल वाढविणारी यांत्रिक योजना होती. बेल्जियन अभियंता आल्बेअर द्वांद्र यांच्या शोधावर आधारलेला निर्वात वर्धक जर्मनीतील बॉश कंपनीने १९२७ मध्ये विक्रीस आणला. अमेरिकेत ब्रॅग व क्लीसराथ यांनी त्याच सुमारास असे साधन तयार केले.

निर्वात वर्धक म्हणजे पेडल व मुख्य सिलिंडर यांच्यामध्ये बसविलेला पत्र्याचा चपटा गोल डबा होय. एंजिनाचे झाकण उघडल्यावर चालकाच्या बाजूच्या पडद्यालगत तो सहज दिसतो. रबरी पटलाने त्याचे दोन कप्पे केलेले असतात. पेट्रोल एंजिनाच्या अंतर्ग्रहण नळात दट्ट्यांच्या ओढीमुळे निर्वात निर्माण होतो व तो एकमार्गी झडपेतून वर्धकास मिळतो. पाय पेडलवर नसताना दोन्ही कप्प्यांत निर्वात असतो. पेडल दाबताच मधली झडप दोन्ही कप्पे परस्परांपासून तोडते व मागील कप्प्यात बाहेरची हवा घेते. हवेचा दाब पटलास पुढे ढकलतो आणि हे बल पायाच्या बलात मिळते. पटलाचा व्यास २५ सेंमी. व दाबातील फरक दर चौ. सेंमी.स ०·७ किग्रॅ. असेल, तर मिळणारे बल सुमारे ३४० किग्रॅ. एवढे भरते. पाय जेवढा पुढे जाईल त्या प्रमाणातच हवा आत घेतली जाईल अशी झडपेची रचना असल्याने चालकास ब्रेकचा अंदाज राहतो.

रेल्वेचा निर्वात ब्रेक व मोटारीचा निर्वात वर्धक यांचे तत्त्व एकच असले, तरी बिघाडाच्या वेळी त्यांचे वर्तन परस्परविरोधी असते. रेल्वेत निर्वात नाहीसा झाल्यास ब्रेक लागतो. मोटारीत निर्वात नाहीसा झाल्यास ब्रेक लागत नाही व सुटतही नाही, केवळ साहाय्य नाहीसे होते. पेडल एकाएकी जड होते व गाडी थांबविण्यास कित्येक पटींनी अधिक बल लावावे लागते.

आणीबाणी ओळखण्याच्या पद्धती : आणीबाणीची खूण पायाच्या बलापेक्षा त्याच्या वेगात अधिक स्पष्ट उमटते. नेहमीच्या वापरात पेडल सावकाश खाली जाते, घाबरलेला चालक मात्र ते झटक्याने खाली नेतो. पेडलच्या या वेगाची एक मर्यादा आधीच ठरविलेली असते व ती ओलांडली गेली की साहाय्यक कार्यान्वित होतो. या तत्त्वावर आधारलेला साहाय्यक १९९६ च्या अखेरीस मर्सिडीझ-बेंझ मोटारींत प्रथम बसविण्यात आला. त्याचे तीन मुख्य प्रकार आहेत.

यांत्रिक प्रकारात वर्धकाच्या झडपेतच एक लहानसा खटका असतो. पेडल पुरेशा वेगाने पुढे गेले, तर झडप नेहमीपेक्षा जास्त उघडते व खटक्याने तशीच अडकून राहते. पाय किंचित सैल झाला, तरी हवा आत येतच राहते व पूर्ण बल टिकते. पाय बराच मागे घेतल्यावर खटका सुटतो. हा प्रकार स्वस्त असून त्यास वीज लागत नाही.

इलेक्ट्रॉनीय प्रकारात पटलाचे स्थलांतर संवेदक मोजतो. नियंत्रक त्यावरून वेग काढून गाडीच्या गतीशी त्याची तुलना करतो व विद्युत् चुंबकाने हवेची झडप पूर्ण उघडतो. चालकाने पाय उचलल्याचे कळताच विद्युत् प्रवाह खंडित होतो. १९९६ मधील साहाय्यक या प्रकारचा होता.

द्रवीय प्रकारात वर्धकास हात न लावता मुख्य सिलिंडरातील तेलाचा दाब किती त्वरेने वाढतो हे मोजले जाते. आणीबाणी आढळल्यास जखडरोधी यंत्रणेतील पंप चालू होऊन तो चाकांजवळील दाब वाढवितो. ज्या गाडीत असा पंप व स्थैर्य नियंत्रणाची साधने आधीच असतात, तीत नवे भाग न घालता केवळ नियंत्रकाच्या आज्ञावलीत भर घालून हे कार्य साधते. त्यामुळे हा प्रकार विशेष रूढ झाला.

जखडरोधी यंत्रणेशी संबंध : ब्रेकचे बल अमर्याद वाढवून चालत नाही. टायर व रस्ता यांतील घर्षण पेलू शकेल त्याहून अधिक बल लावल्यास चाक फिरायचे थांबते व घसरू लागते. घसरणाऱ्या चाकाने गाडी वळविता येत नाही. बॉश कंपनीने १९७८ मध्ये उपलब्ध केलेली इलेक्ट्रॉनीय जखडरोधी यंत्रणा, म्हणजेच प्रचलित भाषेत एबीएस, चाक जखडू लागताच त्यावरील दाब क्षणमात्र कमी करून पुन्हा वाढविते व हे चक्र सेकंदातून अनेक वेळा घडविते. साहाय्यक दाब वाढवितो आणि जखडरोधी यंत्रणा तो घसरणीच्या सीमेवर रोखून धरते. यामुळेच जखडरोधी यंत्रणा नसलेल्या गाडीत असा साहाय्यक बसविणे हितावह नसते. ही यंत्रणा काम करीत असताना पेडलमध्ये कंप जाणवतो व खरखर ऐकू येते. हे बिघाडाचे लक्षण समजून पाय मागे घेणारे चालक या दोन्ही यंत्रणांचा लाभ ऐन वेळी गमावतात. ब्रेक दाबत-सोडत जाण्याची जुनी शिकवण साध्या ब्रेकच्या गाडीस योग्य होती. नव्या गाडीत पेडल पूर्ण दाबून तसेच धरणे आणि मोकळ्या जागेकडे चाक वळविणे हाच योग्य मार्ग होय.

मर्यादा : साहाय्यक घर्षण निर्माण करीत नाही. कोरड्या रस्त्यावर सुमारे ०·८ असणारा घर्षणांक ओल्या रस्त्यावर निम्म्यापर्यंत उतरू शकतो. पूर्णेच्या व गोदावरीच्या खोऱ्यात पावसाळ्यात ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर काळी माती शेतातून डांबरी रस्त्यावर येते. तिच्या ओल्या थरावर कोणतीही यंत्रणा कोरड्या रस्त्याइतके मंदन देऊ शकत नाही. झिजलेले टायर अथवा तेलात शिरलेली हवा यांचीही भरपाई साहाय्यक करीत नाही.

घाटातील उतारावर सतत ब्रेक दाबून धरल्यास घर्षणपट्ट्या तापून त्यांची पकड कमी होते. तेल उकळून नळ्यांत बाष्प धरले, तर पेडल तळापर्यंत जाऊनही दाब निर्माण होत नाही. येथे उपाय म्हणजे खालचा गिअर टाकून एंजिनाच्या रोधाने वेग आवरणे हा होय. इंधन वाचविण्यासाठी एंजिन बंद करून उतारावरून गाडी सोडण्याची प्रथा सर्वांत धोक्याची आहे. एंजिन बंद होताच नवा निर्वात निर्माण होत नाही. वर्धकातील साठा दोन-तीन वेळा ब्रेक दाबण्यापुरता असतो व तो संपल्यावर वर्धक आणि निर्वातावर चालणारा साहाय्यक दोन्ही निरुपयोगी होतात.

उंचीचाही परिणाम होतो. सुमारे १,३५० मी. उंचीवरील महाबळेश्वर येथे वातावरणाचा दाब समुद्रसपाटीच्या मानाने सुमारे १५ टक्के कमी असतो. त्यामुळे वर्धकास मिळणारा दाबातील फरक तितकाच, किंबहुना थोडा अधिक, घटतो. डिझेल एंजिनाच्या अंतर्ग्रहण नळात पुरेसा निर्वात नसल्यामुळे त्यास स्वतंत्र निर्वात पंप जोडावा लागतो. विद्युत् मोटारीत तर तसा नळच नसतो. तेथे विजेवर चालणारा पंप अथवा विद्युत् चलित्राने दट्ट्या ढकलणारा वर्धक वापरतात. असा वर्धक पूर्ण दाब अधिक त्वरेने देऊ शकतो.

वर्धकाची साधी तपासणी कोणासही करता येते. एंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबावे व मग दाबून धरून एंजिन चालू करावे. पेडल थोडे आपोआप खाली गेल्यास वर्धक ठीक आहे. ते जागचे न हलल्यास पटल, नळी अथवा एकमार्गी झडप यांत दोष असण्याचा संभव असतो.

जड वाहने : एसटीची बस व मालमोटार यांत बहुधा संपीडित हवेचा ब्रेक असतो. त्यात पेडल केवळ हवेची झडप उघडते व ब्रेक लावण्याचे सर्व बल टाकीतील हवा पुरविते. त्यामुळे निराळ्या निर्वात वर्धकाची गरज उरत नाही. अनेक वाहनांत मागील चाकांवर जोरकस स्प्रिंगा बसविलेल्या असतात. हवेचा दाब त्यांना दाबून ठेवतो व तो नाहीसा झाल्यास स्प्रिंगा सुटून ब्रेक लावतात. आर्माच्या अपघातानंतर रेल्वेने सक्तीचे केलेले तत्त्व येथे रस्त्यावर आलेले दिसते.

चाचण्या व नियमन : यूरोपीय संघाने पादचाऱ्यांच्या संरक्षणासाठी २००९ मध्ये केलेल्या नियमांन्वये नव्या मोटारींना आणीबाणी साहाय्यक सक्तीचा केला. मोटारीचा पुढचा भाग मऊ करण्यापेक्षा आदळण्यापूर्वीच वेग घटविणे अधिक परिणामकारक ठरते, हा विचार त्यामागे होता. भारतात नव्या प्रवासी मोटारींना जखडरोधी यंत्रणा एप्रिल २०१९ पासून अनिवार्य झाली व साहाय्यकाच्या प्रसारास आवश्यक असलेला पाया त्यामुळे तयार झाला. १९६६ मध्ये स्थापन झालेली पुणे येथील भारतीय वाहन संशोधन संस्था वाहनांच्या ब्रेकची मान्यता-चाचणी करणाऱ्या प्रमुख संस्थांपैकी एक आहे.

यापुढील टप्प्यात रडार व कॅमेरा यांच्या साहाय्याने पुढील अडथळ्याचे अंतर मोजून आवश्यक तेवढा दाब आधीच सिद्ध ठेवणारे साहाय्यक २००५ पासून उपलब्ध झाले. चालकाने काहीच न केल्यास स्वतः ब्रेक लावणारी स्वयंचलित यंत्रणाही प्रचारात आली व यूरोपीय संघात ती जुलै २०२४ पासून सर्व नव्या मोटारींना सक्तीची आहे. मूळ साहाय्यकाचे स्थान मात्र यामुळे नाहीसे होत नाही. अचानक आडवे आलेले गुरू अथवा धुळीत दडलेली बैलगाडी रडारच्या आधी माणसाच्या नजरेस पडू शकते. अशा वेळी गाडीला पहिली सूचना चालकाच्या पायाकडूनच मिळते. ती सूचना वाया जाऊ न देणे एवढेच साहाय्यकाचे कार्य आहे. वेग बेताचा ठेवणे, पुढील वाहनापासून अंतर राखणे आणि टायर व ब्रेक सुस्थितीत ठेवणे ही चालकाची जबाबदारी त्यामुळे कमी होत नाही.